बिनतोंडाची पाहुणी

चतुर्थीला पाच दिवस राहिले होते. गणपतीच्या वर फळं-पत्री बांधून टांगतात त्या माटवीची लाकडी चौकट आईने विहिरीवर घासूनपुसून पडवीत सुकत टाकली होती. मुंबईहून भाऊ, वहिनी आणि भाचा दुपारीच येऊन पोचले होते. दिवसभर कोसळणारा पाऊस संध्याकाळी जरा थांबला होता. साडेआठच्या सुमारास पडवीतल्या बल्बवर काहीतरी थडकलं. वटवाघूळ असेल म्हणून वहिनीने घाईघाईने ओढणी डोक्यावर घेतली. दोन-तीन वेळा बल्बाभोवती फडफडून ते भिंतीवर बसलं आणि पंख पसरून स्थिर झालं, तेव्हा आम्ही सगळे होतो तिथेच थांबलो.

भाच्याने वीत लावून पाहिली. त्याची वीत फारच कमी पडली. मग मी माझी लावली, तरी दोन बोटं पंख उरलाच. विड्यातल्या काताचा रंग असतो ना, तसा तांबूस तपकिरी रंग, त्यात फिकट पट्टे, कडेला पिवळसर किनार आणि त्या किनारीत काळ्या दोऱ्याने टीप घालावी तशी नागमोडी रेघ. पुढच्या पंखांची टोकं बाहेर वळलेली, आणि त्या टोकावर एक काळा ठिपका असा नेमका बसवलेला, की बाजूने पाहिलं तर सापाने मान वळवून आपल्याकडे बघावं तसं वाटतं. पण मी सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिले त्या खिडक्यांकडे. चारही पंखांवर एकेक तिकोनी खिडकी होती. तेवढ्या भागावर रंगाचे खवलेच नसतात, त्यामुळे पंख तिथे काचेसारखा आरपार दिसतो. गणपतीसाठी नुकताच मारलेला भिंतीचा चुना त्या चार तिकोनांतून पांढराशुभ्र दिसत होता.

शेजारच्या दोन घरांतली माणसं जमली. मोबाईल निघाले. आईने देवघरातून हळदकुंकवाची कोयरी आणली आणि पतंगाला धक्का लागू न देता त्याच्याखाली भिंतीला दोन बोटं टेकवली. "गवर आधीच इली," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. माझ्याही अंगावर काटा आला होता.

तो ॲटलास पतंग होता. खरं म्हणजे ती होती. मिशा बारीक आणि पोट जाडजूड होतं, त्यावरून मादी ओळखता येते. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या असतात. मादीने हवेत सोडलेला गंध दूरवरून टिपायचा असतो, म्हणून. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली या पतंगाला ॲटलास हे नाव दिलं. दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या पतंगाला आता बरेच अभ्यासक वेगळी जात मानतात आणि तिला 'टॅप्रोबॅनिस' म्हणतात. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचं जुनं ग्रीक नाव. आमच्या पडवीत आलेली पाहुणी त्यांच्यातलीच असणार.

आता त्याच दिवसाच्या सकाळबद्दल सांगायला हवं.

सकाळी मी कुडाळहून माहेरी पोचले तेव्हा बाबा विहिरीजवळच्या माडाखाली उकिडवे बसले होते. समोर सात शहाळी मांडलेली. मला वाटलं, माझ्यासाठी काढून ठेवलीत. जवळ गेले तर प्रत्येकाला भोक. देठाच्या अंगाला, साधारण लिंबाएवढं, गोल. आतलं पाणी गेलेलं, आणि ती पहिली पातळ मलई, जी आपण चमच्याने काढतो, ती खरवडून नेलेली. एक शहाळं मी उचलून डोळ्यांजवळ धरलं. सोडणाच्या, म्हणजे वरच्या जाड सालीच्या, भोकाभोवती दातांच्या खुणा दिसत होत्या, दोन-दोनच्या जोडीने, सुताराने पटाशी मारत जावी तशा एकापुढे एक. कडा इतकी स्वच्छ की बोट फिरवलं तरी कूस लागली नाही. रागावलेले असूनही माझ्या मनात आलं, काय हात आहे!

"सात," बाबा म्हणाले. "काल पाच. चतुर्थीक घरात नारळ होये, माटयेक बांधूक होये. आता काय तेच्या दारात जावन मागू?"

'तो' म्हणजे शेकरू, झाडांवर राहणारी मोठी खार. आमच्याकडे शेकरो म्हणतात. बाबांची बेचकी पडवीच्या खुंटीला कायम लटकलेली असते. त्यांनी त्या दिवशी तीन दगड सोडले, एकही लागला नाही आणि लागावा अशी त्यांची इच्छा असते असं मला कधीच वाटलं नाही. भाच्याने दुपारी आल्याआल्या शाळेत शिकलेलं सांगितलं, "आजोबा, शेकरू आपला राज्यप्राणी आहे." बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आसा मां? मगे राज्यान तेका खावूक घालूचा."

एकाच दिवशी एकाच घरात रानातले दोन जीव येऊन गेले. एकाला दगड मिळाला, एकीला हळदकुंकू. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला झोप येईना ती याच्यामुळे.

दोघांत काही तुलना करता येईल असं आधी वाटलंच नव्हतं. एक कृंतक, म्हणजे उंदीर, घूस, खार, सायाळ यांच्या गोतातला. जगात सस्तन प्राण्यांच्या जितक्या जाती आहेत त्यांतल्या साधारण ४० टक्के या एका गणात येतात. दुसरी कीटक. एक दिवसाउजेडी वावरतो, दुसरी रात्री. पण दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला धागा सापडला.

कृंतकांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. वर दोन, खाली दोन. समोरच्या अंगाला कडक इनॅमल, तेही नारिंगी, कारण त्यात लोह असतं. मागच्या अंगाला मऊ दंतिन. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते आणि पुढची कडा धारदार राहते. विळ्याला धार लावायला आपल्याला दगड लागतो, शेकरूच्या दाताला खाण्यातूनच धार लागत जाते. पण त्यात एक सक्तीही आहे. कुरतडणं थांबलं तर दात वाढत जातील, वळतील, तोंड मिटेनासं होईल आणि प्राणी उपाशी मरेल. पोट भरलं म्हणून त्याच्या तोंडाला सुट्टी नसते.

आणि ॲटलास पतंगाला चालतं तोंडच नाही. मोठ्या वयात तो काही म्हणजे काही खात नाही. फुलातला मध नाही, फळाचा रस नाही, पाण्याचा थेंब नाही. कोशातून बाहेर येताना अंगात जी चरबी साठवलेली असते तिच्यावर आठवडाभर, फार तर दोन आठवडे, काढायचे. तेवढ्यात जोडीदार भेटायचा, अंडी घालायची, संपलं. म्हणून मादी उगाच उडतही नाही. उडण्याचा खर्च भरून काढायला तिच्याकडे पुन्हा काही येणार नसतं.

एकाचं तोंड मिटू शकत नाही, एकीचं उघडू शकत नाही. त्या रात्री मला वाटलं की आम्ही एकीला का पूजलं आणि एकाला का मारायला धावलो, याचं उत्तर एवढंच आहे. जो खातो तो चोर, जी काहीच मागत नाही ती देवी. हे उत्तर मला पटलं आणि मी झोपले. ते किती अपुरं होतं, ते मला चतुर्थीच्या आदल्या दिवशी कळलं.

पण त्याआधी शेकरूबद्दल थोडं सविस्तर लिहू दे, कारण आमच्या बागांत त्याच्याबद्दल बोलणं होतं ते नुकसानीच्या हिशेबाने. त्याला नीट पाहतं कोण?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बागेतल्या मांगराच्या, म्हणजे खोपटाच्या, पायरीवर जाऊन बसले. सहाच्या सुमारास फणसावर पानं हलली. आधी दिसली ती शेपटी. शेकरूचं अंग साधारण हातभर आणि शेपटी त्याहून लांब, झुबकेदार, टोकाला फिकट. पाठ गर्द तांबडी-काळी, पोट आणि पुढचे पाय पिवळट. तो फणसावरून आंब्यावर, आंब्यावरून माडाच्या झावळीवर आला. शेवटची उडी माझ्या अंदाजाने सहजच पंधरा फुटांची होती; सहा मीटरपर्यंत उडी मारतात, असं वाचलं आहे. झावळ त्याच्या वजनाने वाकली, तो त्या वाकण्यावरच पुढे सरकला आणि नारळांच्या घडाजवळ पोचला. मग मागच्या पायांनी देठाला धरून त्याने अंग खाली सोडलं. डोकं खाली, शेपटी दुसऱ्या बाजूला लोंबती ठेवून तोल साधलेला, दोन्ही हात मोकळे. आणि मग तो आवाज सुरू झाला. कर्र-कर्र-कर्र, मध्ये जरासा थांबा, पुन्हा कर्र-कर्र. खाली सोडणाचा भुसा पडत होता, पहाटेच्या उजेडात तो सोनेरी दिसत होता.

मी हाकलायला हवं होतं. नाही हाकललं. बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

"खायला काळ आणि भुईला भार" असं बाबा त्याला म्हणतात. त्यातला पहिला भाग खरा असेल, पण दुसरा मुळीच खरा नाही. शेकरू शक्यतो भुईवर उतरतच नाही. त्याचं सगळं आयुष्य वर. घरटीही वर, डहाळ्या आणि पानांची गोल गुंफलेली, आणि एकच नाही, एकाच शेकरूची पाच-सहा घरटी वेगवेगळ्या झाडांवर असू शकतात. म्हणूनच माडाच्या बुंध्याला आम्ही जो पत्रा मारतो तो उंदराला अडवतो, शेकरूला नाही. तो खालून येतच नाही, त्याला बुंध्याशी काय देणंघेणं! त्याला लागतं ते एकमेकांत हात गुंफलेलं रान. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाला टेकली पाहिजे, म्हणजे वाट झाली. आमच्या घराच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, माझ्या लहानपणी किंजळ, जांभूळ, भेरली माड, रानआंबे अशी सलग झाडी होती. आता मधल्या पट्ट्यात रबर आहे, आणि त्याच्यापुढे सरळ कापलेला रस्ता. रबराच्या रांगांत शेकरूला खायला काय मिळणार? जुनी झाडं उरली ती आमच्या वाड्यांत. फणस, आंबा, काजू, मग पोफळी, मग माड. म्हणजे त्याची वाट आम्हीच आमच्या घरापर्यंत आणून सोडली, असं मला वाटतं. पलीकडे तिलारीच्या जंगलाला २०२० साली राखीव संवर्धन क्षेत्राचा दर्जा मिळाला, जवळपास साडेएकोणतीस चौरस किलोमीटरला. त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण शेकरूला त्या हद्दीचा नकाशा माहीत नाही, आणि बाबांचा माड त्या हद्दीत नाही.

भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते याच प्राण्यासाठी ओळखलं जातं. तिथे शेकरू दिसला की माणसं गाडी थांबवतात. मी पण थांबवली होती, कॉलेजच्या सहलीत, आणि मैत्रिणींना अभिमानाने सांगितलं होतं, "हा आमच्या घरी रोज येतो." तेव्हा नारळाचे पैसे माझ्या फीमध्ये जात होते हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

बाबा गेल्या वर्षी नुकसानीचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले होते. सोबत भोकं पडलेले चार नारळ पिशवीत. टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं, हे शेकरूनेच खाल्ले कशावरून? उंदराने कशावरून नाही? बाबांनी दातांच्या खुणा दाखवल्या, उंदराचं भोक केवढं आणि शेकरूचं केवढं ते बोटाने काढून दाखवलं. माणसाने अमुक दाखला आणा, तमुक पंचनामा करून घ्या, असं सांगितलं. बाबा तिथून दुपारच्या एसटीने परत आले आणि ती पिशवी त्यांनी खळ्यात ठेवली ती दोन दिवस तशीच होती. पैशापेक्षा त्यांना लागलं ते हे, की पन्नास वर्षं माडाखाली वावरलेल्या माणसाला कुणी विचारावं, कशावरून. मला आजही त्या प्रसंगाची चीड येते. राज्यप्राणी म्हणून एखादा जीव सगळ्यांनी मिळून मिरवायचा आणि त्याला पोसायचं एकट्या माडवाल्याने, हा न्याय नाही.

आजीची तक्रार वेगळीच. तिला ८६ वर्षं झाली, तोंडात एक दात नाही. तिला शहाळ्यातली मलई आवडते, पण ती अगदी कोवळी हवी, जिभेने विरघळेल अशी. जाड झाली की तिला चालत नाही. आणि शेकरू घडातलं नेमकं तेच फळ निवडतो. दात नसलेल्या म्हातारीला आणि दात थांबवता न येणाऱ्या शेकरूला एकाच दिवसाचं एकच शहाळं हवं असतं. "माज्या तोंडचो घास नेता," ती म्हणते, पण तिच्या बोलण्यात राग कमी आणि ओळख जास्त असते. कुठलं शहाळं कधी खावं हे कळणारं घरात आपल्याशिवाय दुसरं कुणीतरी आहे, असं काहीतरी.

पहिल्या रात्री आईने साडेनऊला पडवीचा बल्ब बंद केला होता. भाचा रुसला, त्याला अजून फोटो काढायचे होते. आपल्याकडच्या गाण्या-कवितांनी पतंग दिव्यावर प्रेम करतो असं इतकं ऐकवलं आहे, की बल्ब बंद करणं म्हणजे त्यांची ताटातूट करणं वाटावं. प्रत्यक्षात तसं काही नाही. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण लाखो वर्षं रात्री उजेडाची बाजू म्हणजे आभाळाची बाजू होती. बल्ब आला आणि आभाळच खाली आलं. त्याच्याकडे पाठ करता करता ते त्याच्याभोवती अडकून पडतात. माझ्या आईने तो अभ्यास वाचलेला नाही. ती म्हणाली, "दमली आसा ती. काळोख कर." आठवडाभराची शिदोरी घेऊन निघालेली ती बाई, तिने बल्बाभोवती अर्धी रात्र का घालवावी?

काळोख झाल्यावर ती भिंतीवरून उठली. सकाळी पाहिलं तर माटवीच्या सुकत टाकलेल्या चौकटीवर बसली होती आणि लाकडाच्या आतल्या कडेला अंडी घातली होती. मोहरीहून थोडी मोठी, तांबूस, ओळीने चिकटवलेली, मी मोजली तेव्हा ३२. त्यानंतरच्या रात्री ती कुठे होती कुणास ठाऊक.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पत्री आणायला विहिरीमागे गेले. तिथे दालचिनीची सहा झाडं आहेत. बाबांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात लावली आहे, ती विद्यापीठाने १९९२ साली काढली. सालीचं उत्पन्न फार नाही, पण आईच्या मसाल्याला घरचीच दालचिनी लागते आणि पानंही विकली जातात. त्यातलं कडेचं झाड पाहून मी चपापले. एक बाजू पूर्ण ओकीबोकी. डहाळ्यांना पानाच्या मधल्या शिरा तेवढ्या उरलेल्या. आषाढात आई फोनवर म्हणाली होती ते आठवलं. दालचिनीला कसली तरी कीड लागली आहे, पानं दिसत नाहीत, खाली काळ्या मिरीसारखी विष्ठा पडते, मी चुलीतली राख मारली. मी तेव्हा "बरं" म्हणून विषय सोडून दिला होता.

त्या बोडक्या बाजूला एकच पान लोंबत होतं. सुकलेलं, तपकिरी, गुंडाळलेलं. वाऱ्याने हललं तरी पडत नव्हतं. जवळ गेले तर पानाच्या देठापासून डहाळीपर्यंत रेशमाचा चिवट दोर गुंडाळलेला होता. पान गळालं तरी खाली पडू नये म्हणून बांधून ठेवलेलं. पानाच्या आत कोष, माझ्या अंगठ्याहून जाड, हाताला जुन्या गोणपाटासारखा. वरच्या तोंडाशी उघडा आणि रिकामा.

मी तो कोष हातात धरून बराच वेळ उभी राहिले. आमची गवर बाहेरून आलीच नव्हती. ती विहिरीमागून आली होती. महिनाभराहून जास्त काळ ती आमच्याच दालचिनीवर होती. हिरवी, बोटाएवढी जाड, अंगावर पांढरी पूड आणि मांसल काटे असलेली अळी. दिवसरात्र पानं खात होती. ज्या जीवाला तोंड नाही म्हणून मी हळवी झाले होते, त्याचं बालपण म्हणजे जवळपास नुसतं तोंडच. पडवीत दिसलेला तो वीतभर पंख, ती काचेची खिडकी, ती सापाची मान, ते सगळं दालचिनीच्या पानांचं होतं. आईने त्याच अळीवर राख मारली होती आणि त्याच पतंगाखाली कुंकवाची बोटं टेकवली होती.

म्हणजे खाण्या-न खाण्याचा प्रश्न नव्हताच. दोघांनीही आमचं खाल्लं होतं. शेकरू आमच्या डोळ्यांदेखत खातो, पहाटे, मोठ्याने, वरून भुसा पाडत, आणि मग रिकामं शहाळं धप्पकन खाली टाकतो. पतंगाने आपलं खाणं आधीच उरकलेलं असतं, विहिरीमागे, आपण फोनवर "बरं" म्हणत असताना, आणि आपल्यासमोर येतो तो हात धुऊन, नवे कपडे घालून. आपण ज्याला सात्त्विक म्हणतो त्याच्याबद्दल मला आता प्रश्न पडतो, की याची पानं कुणाच्या झाडावरची होती. माणसांबद्दलही पडतो. माझ्या कॉलेजच्या फीचे नारळ मी कधी मोजले होते?

तो कोष मी घरी नेला आणि आईच्या हातात दिला. तिला सगळं सांगितलं. ती कोष उलटसुलट करून पाहत राहिली. "राख मारलंय मी तिच्यार," एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला. बाबा ओटीवर सुंभ वळत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मगे तीय खाणारीच?"

"हो, बाबानू."

"खाणारच ती. खाल्ल्याबगर एवढा आंग येता काय?"

यात त्यांना नवल वाटलं नाही. शेकरूबद्दलचा त्यांचा रागही यामुळे कमी झाला नाही, आणि तो व्हावा असं म्हणायची माझी हिंमत नाही. दालचिनीची सहा झाडं आणि बागेतले पंच्याऐंशी माड यांत फरक आहे. अळीने एका झाडाची एक बाजू खाल्ली, ती पावसात पुन्हा फुटेल. शेकरूने खाल्लेला नारळ परत येत नाही, तो त्या महिन्याच्या वाणसामानातून जातो. दोघांना एका मापात तोलून "दोघेही निसर्गाचेच" असं म्हणणं मला आता खोटं वाटतं. मला शेकरू हवा आहे. त्याची ती पहाटेची कर्र-कर्र या वाडीतून गेली तर मला आमचं घर ओळखू येणार नाही. आणि बाबांच्या नारळांचे पैसेही मला हवे आहेत, दाखल्यांच्या मागे न फिरता, सन्मानाने. या दोन्ही गोष्टी मी एकाच तोंडाने मागते आहे.

चतुर्थीच्या पहाटे आईला ती मादी तुळशीजवळ सापडली. पंख फाटलेले, मुंग्या लागलेल्या. आईने दूर्वा खुडायला घेतलेल्या टोपलीत तिला उचललं आणि प्राजक्ताच्या मुळाशी ठेवलं. माटवी बांधताना अंड्यांची कडा भिंतीच्या बाजूला वळवून घेतली. आमच्या गणपतीवर सात दिवस कांगण्या, तेरडा, सुपारीचा घड, बाबांनी शेकरूच्या आधी उतरवून घेतलेले पाच नारळ, आणि त्यांच्या मागे ती ३२ अंडी टांगलेली होती. आरतीला जमलेल्यांपैकी कुणाला ती दिसली नसतील.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माटवी उतरवली तेव्हा अंडी फुटायला लागली होती. दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या लाकडावर चालत होत्या. आईने दालचिनीची कोवळी डहाळी आणून त्यांच्या वाटेत धरली आणि एकेक तीवर चढेपर्यंत हात हलू दिला नाही. मग ती डहाळी आम्ही विहिरीमागे नेऊन कडेच्याच झाडाला दोऱ्याने बांधली.

बाबा माडाखालून येत होते. हातात दोन शहाळी, दोन्हींना भोक. ते आमच्याजवळ थांबले, चश्मा कपाळावर सरकवून पानाच्या अगदी जवळ वाकले. एका अळीने पानाची कड धरली होती. तिचं डोकं वरखाली होत होतं आणि पानाला नखाच्या कोरीएवढी खाच पडली होती.

"किती दिवस खायत?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर तरी."

त्यांनी मान वर करून झाडांकडे पाहिलं, ओठांत पुटपुटत मोजली, सहा, आणि शहाळी घेऊन घराकडे गेले.